आरसीए, फिल्को की झेनिथ? जुना अमेरिकन टीव्ही उभा करायचा आहे, आणि या कंपन्या बुडाल्या कशा?

सुतारपक्षी
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एका घराचं सामान विक्रीला निघालंय. त्यात तीन टीव्ही आहेत, एकच घेता येईल.

१) आरसीए ६३०-टीएस, १९४६ चं मॉडेल, १० इंची पडदा, टेबलावर ठेवायचा.
२) फिल्को प्रेडिक्टा, २१ इंची, खाली खोकं आणि वर मोकळी फिरती ट्यूब.
३) झेनिथचा साठच्या दशकातला रंगीत कन्सोल (जमिनीवर उभा राहणारा), गोल पिक्चर ट्यूबवाला.

तिन्ही बंद आहेत. सोल्डरिंग आणि मल्टिमीटर येतं, पण व्हॉल्वच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) टीव्हीला हात लावलेला नाही. प्रश्न दोन. पहिला: कोणता घ्यावा आणि सुरुवात कुठून करावी? दुसरा: तिन्ही कंपन्या आपापल्या काळात मोठ्या होत्या, आज एकही टीव्ही बनवत नाही. सगळा दोष जपानवर टाकतात, ते कितपत खरं?

चॅसीवाला
सगळ्यात आधी: प्लग लावून बघू नका. "चालतोय का ते पाहू" म्हणून पिन खुपसली की सत्तर वर्षांचा कंडेन्सर शॉर्ट होतो आणि सोबत पॉवर ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. कंडेन्सर बाजारात मिळेल, ट्रान्सफॉर्मर मिळणार नाही.

विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी तपासा, दोन्ही सेट बंद ठेवून होतात. पिक्चर ट्यूबच्या मानेत आतून काचेवर डाग असतो, त्याला गेटर म्हणतात. तो चांदीसारखा किंवा काळपट असेल तर निर्वात शाबूत आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा गेली, ट्यूब संपली. मग सॉकेट काढून हीटरच्या (आत तापणाऱ्या तारेच्या) दोन पिनांत कंटिन्युइटी बघा. ६३० च्या १०बीपी४ ट्यूबला पिन १ आणि १२. या दोन्हींत पास झाला तरच पुढे बोला. ट्यूबमधली इलेक्ट्रॉन गन बदलून देणारे जुने कारखाने बंद झालेत. तेव्हा ट्यूब बघून सेट घ्या, लाकडाच्या पॉलिशवर जाऊ नका.

आडवीरेघ
चॅसीवाले यांच्याशी शंभर टक्के सहमत. माझं मत ६३०-टीएस. कारणं:

पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे चॅसी (सर्किट बसवलेला धातूचा सांगाडा) थेट मेनला, म्हणजे घरच्या विजेला, जोडलेली नाही. सर्किट छापील बोर्डावर नाही, सगळं हाताने तारा ओढून केलंय, त्यामुळे एकेक भाग सुटा काढता येतो. ट्यूबला साधारण ९-१० हजार व्होल्ट, रंगीत सेटला २४-२५ हजार. आणि आरसीएने हे डिझाइन इतर कारखानदारांनाही खुलं केलं, त्यामुळे त्या काळचे कित्येक दुसऱ्या नावाचे सेट आतून ६३० च आहेत. सर्किट डायग्राम आणि सुटे भाग शोधणं सोपं जातं.

पिक्चर ट्यूब धरून ३० व्हॉल्व आणि तीनशे वॉटच्या वर वीज खातो, हे ध्यानात असू द्या.

रंगसंगती
झेनिथला इतक्या लवकर बाद करू नका. झेनिथने रंगीत सेट १९६१ मध्ये आणले. उशीर केला, पण माल पक्का होता. बाकीचे छापील बोर्डाकडे वळत असताना हे हाताने जोडलेल्या चॅसीची जाहिरात करत होते, आणि ती जाहिरात खरी होती. आज त्या चॅसी दुरुस्त होतात. त्याच काळातले छापील बोर्ड व्हॉल्वच्या उष्णतेने करपून तपकिरी होतात, सोल्डरिंग करायला गेलं की तांब्याची पट्टी हातात येते.

पण पहिलाच सेट म्हणून रंगीत नको, हे मान्य. रंगीत सेट आधी काळा-पांढरा म्हणून नीट चालला पाहिजे. मग प्युरिटी (प्रत्येक रंग शुद्ध दिसणं), मग मधला कन्व्हर्जन्स (तीन रंगांची चित्रं एकमेकांवर बसवणं), मग कडांचा. कडांच्या एकट्या बोर्डावर डझनभर स्क्रू असतात आणि एक फिरवला की दुसरा बिघडतो.

गोल रंगीत ट्यूबला आणखी एक दुखणं असतं: मोतीबिंदू. पुढची सुरक्षा काच आणि ट्यूब यांच्यामध्ये चिकट थर भरलेला असतो, तो कडेने सडतो आणि पांढरे-पिवळे डाग आत सरकत येतात. ट्यूब खराब नसते, थर खराब असतो. ती काच काढता येते: हळूहळू ऊब देऊन थर मऊ करायचा आणि निक्रोमची गरम तार कडेने ओढत न्यायची. घाई केली, एका कोपऱ्यात जास्त तापलं, की काच तडकते. डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे, आणि काच परत बसेपर्यंत ट्यूबसमोर उभं राहायचं नाही. स्फोटापासून अडवणारी काच तीच.

मांडवीकाठ
प्रेडिक्टाच्या बाजूने कोणीच नाही? दिसायला तिघांत तोच देखणा.

आडवीरेघ
@मांडवीकाठ, देखणा आहेच. १९५८ मध्ये आला तेव्हा तसा दुसरा सेट नव्हता. पण छोट्या खोक्यात सगळी उष्णता कोंडली, आत छापील बोर्ड, आणि वरची आखूड ट्यूब खास त्याच मॉडेलची. ती गेली तर दुसऱ्या सेटची बसत नाही. फिल्कोने तो काळा-पांढराच ठेवला, तिकडे आरसीए रंगीतवर पैसा ओतत होती. प्रेडिक्टाने फिल्कोला तारलं नाही, १९६१ मध्ये कंपनी फोर्ड मोटर्सने घेतली. शोभेसाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या.

मिशिगनतीर
दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण त्यावर फार ढोबळ बोललं जातं.

१९७४ हे एकच साल बघा. मोटोरोलाने क्वासार हा टीव्हीचा धंदा जपानच्या मात्सुशिताला विकला. मॅग्नाव्हॉक्स फिलिप्सने घेतली. फोर्डने फिल्को जीटीई-सिल्व्हेनियाला दिली. अॅडमिरल रॉकवेलकडे गेली आणि काही वर्षांत टीव्हीतून बाहेर पडली. ड्युमाँट त्याआधीच संपली होती: तिचं प्रसारण नेटवर्क १९५६ मध्ये बंद, टीव्हीचा कारखाना १९५८ मध्ये एमर्सनला. मग १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने आरसीए घेतली आणि टीव्हीचा भाग लगेच फ्रान्सच्या थॉमसनला देऊन टाकला. इंडियानातल्या ब्लूमिंग्टनच्या आरसीए कारखान्यात १९४९ पासून टीव्ही बनत होते, तो थॉमसनने १९९८ मध्ये बंद केला आणि काम मेक्सिकोच्या सिउदाद हुआरेझला नेलं. झेनिथ सर्वांत शेवटी पडली: १९९५ मध्ये एलजीने बहुतांश भाग घेतला, १९९९ मध्ये दिवाळखोरी.

जपानचा दोष? आहे. जपानी कंपन्या घरच्या बाजारात चढा भाव लावायच्या आणि अमेरिकेत पडेल भावाने विकायच्या. अमेरिकेच्या अर्थखात्याने १९७१ मध्येच डम्पिंगचा निष्कर्ष काढला होता. कागदावर ठरलेला निर्यातभाव दाखवायचा आणि खरेदीदार दुकानांना मागच्या दाराने परतावा द्यायचा, असे प्रकारही उघडकीस आले. १९७७ मध्ये करार होऊन जपानी रंगीत सेटवर वर्षाला १७.५ लाखांची मर्यादा आली. तोवर निम्मी लढाई हरून झाली होती, आणि मर्यादा आल्यावर कोरिया-तैवानचा माल आत आला.

किमतीचा_हिशेब
@मिशिगनतीर, हे अर्धंच चित्र आहे. झेनिथने आणि एमर्सनच्या वारसदार कंपनीने जपानी कंपन्यांवर कट केल्याचा दावा लावला, तो १९८६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी फसला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: वीस वर्षं तोटा खाऊन कट चालवायचा आणि फायदा कधी मिळणार ते माहीत नाही, यावर विश्वास ठेवायला सबळ पुरावा लागतो.

आता कारखान्यात जाऊ. क्वासारचा इलिनॉयमधला फ्रँकलिन पार्कचा कारखाना मोटोरोलाच्या हातात होता तेव्हा दर १०० सेटमागे १५० च्या वर दोष निघत. मात्सुशिताने घेतल्यावर काही वर्षांत ते तीन-चारवर आले. कामगार बहुतेक अमेरिकनच. बदललं काय? सर्किटची मांडणी, सुटे भाग तपासून घेण्याची शिस्त, आणि चूक जिथे होते तिथेच थांबवण्याची पद्धत. हे भाव पाडून होत नाही.

आरसीएने तर स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. १९५८ च्या मक्तेदारीविरोधी तडजोडीनंतर रंगीत टीव्हीची पेटंटं अमेरिकन कंपन्यांना रॉयल्टीशिवाय द्यावी लागली. मग रॉयल्टी कुठून मिळणार? परदेशातून. जपानी कंपन्यांना परवाने विकले, सोबत तंत्रज्ञानही दिलं. त्या पैशाचं काय केलं? १९६७ मध्ये हर्ट्झ ही गाड्या भाड्याने देणारी कंपनी घेतली. संगणकात उतरले आणि १९७१ मध्ये मोठं नुकसान सोसून बाहेर पडले. १९८१ मध्ये सुईने चालणारी व्हिडिओ डिस्क आणली, १९८४ मध्ये गुंडाळली. टीव्हीच्या कारखान्यात यंत्रं बदलायची तेव्हा पैसा तिसरीकडेच.

मिशिगनतीर
आरसीएबद्दल मान्य. झेनिथला मात्र तोच न्याय लावू नका. रिमोट बघा: १९५५ चा फ्लॅशमॅटिक प्रकाशावर चालणारा, उन्हाने आपोआप चॅनेल बदलायचा, म्हणून १९५६ मध्ये अल्ट्रासॉनिक स्पेस कमांड. त्याला बॅटरीच नाही, आत अॅल्युमिनियमच्या दांड्या आणि त्यांवर आपटणारी हातोडी. १९६९ मध्ये क्रोमाकलर: रंगाच्या ठिपक्यांभोवती काळं भरून चित्र झगझगीत केलं. आजच्या अमेरिकन डिजिटल प्रसारणातही झेनिथचं मॉड्युलेशन (सिग्नल लहरींवर चढवण्याची पद्धत) आहे. संशोधन कमी पडलं म्हणून ही कंपनी गेली असं म्हणता येत नाही.

किमतीचा_हिशेब
संशोधन नाही, उत्पादन कमी पडलं, एवढंच म्हणतोय. रंगसंगती यांनी ज्या हाताने जोडलेल्या चॅसीचं कौतुक केलं, तिला मनुष्यबळ किती लागायचं? प्रत्येक सांधा माणूस लावणार. जपानी कारखाने तोवर पूर्ण ट्रान्झिस्टरवर गेले होते, भाग कमी, बोर्डात भाग यंत्राने बसवायचे. आरसीएचा पूर्ण ट्रान्झिस्टरचा एक्सएल-१०० १९७१ मध्ये आला. आज दुरुस्तीला जी चॅसी गोड वाटते तीच तेव्हा दर सेटमागे पैसे खात होती. झेनिथनेही १९७७ मध्ये बरंच काम मेक्सिको-तैवानला हलवायचं जाहीर केलंच.

रंगसंगती
हे पटलं. पण ग्राहकाच्या घरी दहा-पंधरा वर्षं टिकला म्हणून झेनिथचं नाव झालं, तेही हिशेबात धरा.

सुतारपक्षी
फार छान चर्चा. ट्यूब तपासली: ६३० चा गेटर चांदीसारखा, हीटर शाबूत. झेनिथला कडेने मोतीबिंदू आहे. प्रेडिक्टाचा गेटर पांढरा. म्हणजे ६३० च घेतो. आता पायरीपायरीने सांगाल का? एका व्हिडिओत व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) दिवसभर हळूहळू व्होल्टेज वाढवायला सांगितलंय, म्हणजे जुने कंडेन्सर परत तयार होतात म्हणे.

आडवीरेघ
व्हेरिअॅकचा तो सल्ला टीव्हीला लावू नका. दोन कारणं. ६३० मध्ये ५यू४ हे व्हॉल्व रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे) आहेत. त्यांचा हीटर पुरेसा तापेपर्यंत ते डीसी देतच नाहीत, म्हणजे खालच्या व्होल्टेजला कंडेन्सरवर काहीच येत नाही आणि नंतर एकदम येतं. दुसरं जास्त वाईट: कमी व्होल्टेजला हॉरिझॉन्टल ऑसिलेटर (चित्राच्या आडव्या रेघांचा ठेका देणारं सर्किट) सुरू होत नाही. ऑसिलेटर नाही तर आउटपुट व्हॉल्वच्या ग्रिडला ड्राइव्ह (सिग्नल) नाही, ड्राइव्ह नाही तर करंट आवरणारा निगेटिव्ह बायस नाही. व्हॉल्व मोकाट करंट ओढतो, प्लेट लाल होते, आणि त्याच करंटने फ्लायबॅक (हाय व्होल्टेज तयार करणारा ट्रान्सफॉर्मर) जळतो. ६३० चा फ्लायबॅक गेला तर सगळा उद्योग तिथेच थांबेल.

क्रम असा ठेवा.

सर्व व्हॉल्व कागदावर जागा लिहून काढा. नुसता पॉवर ट्रान्सफॉर्मर १०० वॉटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमध्ये लावा. बल्ब क्षणभर उजळून जवळजवळ विझला पाहिजे. उजळच राहिला तर वाइंडिंग शॉर्ट आहे.

मग मेणकागदाचे सगळे कंडेन्सर बदला, एकही ठेवू नका. ०.०५ च्या जागी ०.०४७, ०.०२ च्या जागी ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे सहसा चांगले असतात, त्यांना हात लावू नका. मात्र अभ्रकासारखे दिसणारे चौकोनी तपकिरी काही कंडेन्सर आतून कागदाचेच निघतात, ते मोजून बघा. एका वेळी एकच काढायचा आणि त्याच जागी नवा लावायचा. सगळे एकदम उपटले की तारांचा गुंता होतो.

इलेक्ट्रोलिटिकमध्ये ४० ला ४७ चालतो. त्याहून फार मोठा ५यू४ च्या लगेच पुढे लावू नका, सुरुवातीच्या झटक्याने रेक्टिफायर मरतो.

चॅसीवाला
रेझिस्टर राहिले. त्या काळचे कार्बन रेझिस्टर ओल शोषून वर सरकतात, खाली क्वचितच. २० टक्क्यांहून जास्त सरकलेला बदला; व्हर्टिकल आणि हॉरिझॉन्टल ऑसिलेटरमध्ये १० टक्केच धरा. नाहीतर होल्डचं बटण टोकाला नेऊनही चित्र थांबत नाही.

पहिल्यांदा चालू करताना हॉरिझॉन्टल आउटपुट व्हॉल्व ६बीजी६ च्या कॅथोडमध्ये पाव अँपिअरचा फ्यूज घाला, खोलीत अंधार करा आणि त्याच्या प्लेटकडे बघत राहा. लाली दिसली की बंद.

घरचं व्होल्टेज आज १२० आहे, सेट ११५ चा. ६.३ व्होल्ट, ४ अँपिअरचा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या, त्याची सेकंडरी मेनच्या सिरीजमध्ये उलट्या फेजने जोडा. ११४ च्या आसपास मिळेल. व्हॉल्व आणि ट्रान्सफॉर्मर दोघांनाही थंडावा.

आडवीरेघ
एक महत्त्वाचं राहिलं: आयन ट्रॅप. १०बीपी४ च्या मानेवर चुंबकाची कडी असते. ती सरकली असेल तर सगळं ठीक असूनही पडदा काळा. ब्राइटनेस कमी ठेवून कडी पुढेमागे आणि गोल फिरवा, सर्वांत जास्त उजेड पडेल तिथे थांबा. चित्राच्या कोपऱ्यात सावली असेल तर ती फोकस कॉइल सरकवून घालवा. आयन ट्रॅपने घालवायला गेलात तर इलेक्ट्रॉनचा झोत गनच्या भोकाच्या कडेवर आदळून भोक जळतं.

आणि चॅसीला हात घालण्याआधी, सेट बंद असला तरी, ट्यूबचा अॅनोड (हाय व्होल्टेजचं टोक) एक मेगओहमच्या रेझिस्टरमधून चॅसीला टेकवा. एकदा टेकवून भागत नाही, काचेत शिल्लक चार्ज परत चढतो. दोन-तीनदा करा.

मांडवीकाठ
एक्स-रेचं काय? जुन्या टीव्हीसमोर बसू नये म्हणतात.

रंगसंगती
१० हजार व्होल्टच्या काळ्या-पांढऱ्या सेटला चिंता नाही, काच सगळं अडवते. प्रश्न २५ हजारांच्या रंगीत सेटचा. १९६७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या मोठ्या रंगीत सेटमध्ये व्होल्टेज आवरणाऱ्या व्हॉल्वचं कवच सदोष निघालं, एक्स-रे खालच्या दिशेने बाहेर पडत होते. त्यावरून १९६८ मध्ये कायदा झाला. मर्यादा ठरली ताशी ०.५ मिलिरॉन्टगेन, सेटपासून ५ सेंटिमीटरवर. म्हणून झेनिथसारख्या सेटमध्ये व्होल्टेज आवरणाऱ्या ६बीके४ व्हॉल्वभोवतीचा पिंजरा झाकण न लावता चालवायचा नाही आणि हाय व्होल्टेज मोजूनच ठेवायचं.

दख्खनचा_अँटेना
पुण्यातून विचारतो: असा सेट इथे आणून चालेल का?

चॅसीवाला
@दख्खनचा_अँटेना, चालेल, पण तीन अडचणी.

वीज: २३० वरून ११० करणारा ५०० व्हीएचा खरा ट्रान्सफॉर्मर हवा. प्रवासात वापरायचा हलका कन्व्हर्टर नको. शिवाय आपल्याकडे ५० हर्ट्झ, सेटचा ट्रान्सफॉर्मर ६० साठी, त्यामुळे गाभा जास्त तापतो. १०५ व्होल्टवर चालवा. हीटरला पावणेसहा मिळतील, तेवढं चालतं. तासाभराने ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघा.

सिग्नल: अमेरिकन सेट ५२५ रेषांचा, ६० फील्डचा. एचडीएमआयवरून कॉम्पोझिट करणाऱ्या डबीवर एनटीएससीचं (अमेरिकन पद्धतीचं) बटण असतं, ते लावा.

आवाज: इथेच बहुतेक जण अडकतात. आपल्याकडच्या मॉड्युलेटरमध्ये (चित्र-आवाज टीव्हीच्या चॅनेलवर चढवणाऱ्या डबीत) चित्र आणि आवाज यांत ५.५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं, अमेरिकन सेटला ४.५ लागतं. चित्र येईल, आवाज येणार नाही. अमेरिकन चॅनेल ३ चा मॉड्युलेटर मागवा: चित्र ६१.२५, आवाज ६५.७५.

आडवीरेघ
हे जर्सीत बसलेल्या धागाकर्त्यांनाही लागू आहे. तिथे मोठ्या केंद्रांचं अॅनालॉग प्रसारण १२ जून २००९ ला बंद झालं, तेव्हा मॉड्युलेटर हवाच. आणि ६३० मध्ये आवाज चित्रापासून आधीच वेगळा काढतात, त्यामुळे फाइन ट्यूनिंग आवाजावर लावा, चित्रावर नाही. ट्यूनर तापला की पहिल्या अर्ध्या तासात आवाज सरकतो. तो बिघाड नाही.

वाळवंटी_वेल
कमी भागांवरून आठवलं. स्वस्त टीव्ही बनवणाऱ्या अर्ल मुंट्झबद्दल कोणी लिहिलंच नाही! तो चालू सेटमधला एकेक भाग कापत जायचा, चित्र गेलं की शेवटचा तेवढा परत लावायचा. सेट स्वस्त झाले, टॉवरजवळ राहणाऱ्यांना चित्रही ठीक दिसायचं. गावाबाहेर मात्र पडद्यावर बर्फासारखे ठिपकेच ठिपके. कंपनी १९५४ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण अमेरिकन इंजिनिअर नको ते भाग काढून टाकण्याला आजही 'मुंट्झिंग' म्हणतात.

किमतीचा_हिशेब
म्हणजे कमी भागांचं शहाणपण अमेरिकेत जपानच्या आधी होतं. फरक इतकाच की मुंट्झने भाग कापले, जपान्यांनी सर्किट नव्याने मांडलं.

सुतारपक्षी
सगळ्यांचे मनापासून आभार. ६३० ठरला. कंडेन्सरची यादी सर्किटवरून करतो. झेनिथ मात्र भंगारात जाईल याचं वाईट वाटतंय. आणि ६३० घरी आणताना ट्यूब आत ठेवून आणू की काढून?

रंगसंगती
झेनिथचा मालक ऐकणार असेल तर त्याला ओहायोतल्या हिलियर्डच्या अर्ली टेलिव्हिजन म्युझियमचं नाव सांगा. तिथल्या वर्तुळात असे सेट घेणारी माणसं आहेत. मोतीबिंदू ऐकून कोणी पळत नाही. अगदीच भंगारात निघाला तर निदान फ्लायबॅक, कन्व्हर्जन्सचा बोर्ड आणि ट्यूनर तरी काढून घ्या, दुसऱ्या कोणाचा तरी झेनिथ त्यावर उभा राहील.

चॅसीवाला
ट्यूब चॅसीत नीट आवळलेली असेल तर आतच राहू द्या, वारंवार काढण्यात मानेला जास्त धोका. मागचं सॉकेट सैल लोंबत असेल तर तेवढं बांधून घ्या. सेट गाडीत आडवा टाकू नका, उभाच ठेवा, पडदा सीटच्या पाठीकडे, खाली जाड गादी. व्हॉल्व काढून वेगळ्या डब्यात. काढायचीच वेळ आली तर ट्यूब पडद्याच्या बाजूने दोन्ही हातांत धरा, मानेला धरून कधीच नाही, आणि जाड ब्लँकेटवर पडदा खाली करून ठेवा.

सुतारपक्षी
नोंद केली. सर्किट हातात आलं की यादी इथेच टाकतो, चुकलं असेल ते दाखवा.